बांधावर कोण उभे राहणार?

(‘कोकणची शेती आणि बदलते हवामान’ या विषयावर वसंत व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आंब्याचे दिवस. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या सुमारास कोकणातून पेटी येते. पेटी उघडताच घरभर घमघमाट सुटतो, पहिली चार फळे देवापुढे जातात आणि मग कोणीतरी म्हणते, ‘यंदा आंबा उशिरा आला, आणि महागही आहे.’ गेली कित्येक वर्षे हे वाक्य आपण दरवर्षी उच्चारतो आहोत. त्या वाक्यामागे काय दडले आहे, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर. हवामानाची गणिती प्रारूपे मांडण्याचा माझा अधिकार नाही. ती मांडणाऱ्या शास्त्रज्ञांचे अहवाल वाचणे आणि त्यांत जे लिहिले आहे ते गावात जाऊन डोळ्यांनी पाहणे, एवढेच मी तीन दशकांच्या पत्रकारितेत केले. तेव्हा आज जे सांगेन त्यातील आकडे शास्त्रज्ञांचे आहेत, पाहणी माझी आहे, आणि शेवटी जी मागणी करणार आहे तीही माझीच आहे.

खारेपाटातील एक सकाळ

काही वर्षांपूर्वी अलिबाग-पेणच्या खारेपाटात एका वयोवृद्ध शेतकऱ्याबरोबर मी बांधावरून चालत होतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : खारेपाट म्हणजे धरमतरच्या खाडीकाठची सखल जमीन. आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून ती खाडीकडून मिळवली. बांधाच्या एका अंगाला खारे पाणी आणि दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. भरतीच्या वेळी पाणी खाचरांहून उंच चढते आणि मधला मातीचा बांध तेवढा त्याला अडवून धरतो. रायगडपासून गोव्याच्या खाजण जमिनींपर्यंत ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली आहे.

चालता चालता ते गृहस्थ थांबले आणि त्यांनी समोर बोट दाखवले. तिथे दाट, हिरवेगार कांदळवन होते. ते म्हणाले, ‘साहेब, हे आमचे शेत. सात-बाऱ्यावर अजून भातच आहे.’ मी विचारले, ‘बाबा, समुद्र एवढा वाढला का हो?’ ते हसले. म्हणाले, ‘समुद्र वाढला असेल, तुम्ही पेपरवाले तसे लिहिता. पण आमचा बांध खेकड्याच्या बिळाने फुटला. पहिल्या दिवशी बीळ मुठीएवढे होते. दोन घमेली चिखल टाकला असता तर भागले असते. पण गावात चिखल टाकायला तरणा माणूस नव्हता. पुढच्या उधाणाला खांड पडली, आणि मग ती कोणाच्याच हातात राहिली नाही.’

बंधु-भगिनींनो, हवामानबदलावर मी पुष्कळ वाचले आहे. परंतु या विषयाचे मर्म मला त्या सकाळी त्या बांधावर उमगले. समुद्र चढतो आहे, हे सत्य आहे. आणि बिळात चिखल टाकणारा हात गावातून निघून गेला आहे, हेही सत्य आहे. कोकणचे उद्याचे संकट या दोन सत्यांच्या बेरजेतून उभे राहते.

शास्त्र काय सांगते?

आता आकड्यांकडे वळू. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारतीय प्रदेशातील हवामानबदलाविषयी एक मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा आहे. परदेशी अहवालांकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हा आपल्याच शास्त्रज्ञांचा अहवाल अवश्य पाहावा. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या पंचवीस वर्षांत दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटर या गतीने चढली. त्यापूर्वीच्या शतकात हीच गती याच्या जेमतेम निम्मी होती.

आणि पुढे काय? जगाने उत्सर्जनाला मध्यम स्वरूपाचा आळा घातला असे गृहीत धरले, तरी या शतकाच्या अखेरीस आपल्या बाजूचा समुद्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटरने, म्हणजे एका फुटाने वर असेल, असा या अहवालाचा अंदाज आहे.

इथे कोणी विचारील, आणि हा प्रश्न रास्त आहे, की अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती-ओहोटी चार-पाच मीटरची असते, तिथे एका फुटाचे काय मोठेसे? उत्तर बांधाच्या उंचीत आहे. बांध सर्वांत मोठ्या भरतीच्या पातळीहून थोडासाच उंच ठेवलेला असतो. ती वरची हात-दीड हात माती हीच गावाची सारी सुरक्षा. समुद्र फूटभर चढला की त्या शिल्लकीतला मोठा हिस्सा संपतो. मग जी भरती वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी बांधाच्या डोक्याला लागत असे, ती दर पावसाळ्यात लागू लागते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि शहरात ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बांधाला उघाडी असते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिच्यातून खाडीत जाते, भरती आली की बाहेरच्या दाबाने तिची झडप बंद होते. समुद्राची पातळी वर गेली म्हणजे उघाडी उघडी राहण्याचा काळ कमी होतो. त्याच वेळी पाऊस मात्र थोड्या तासांत पुष्कळ पडू लागला, तर बांध न फुटताही शेत आतल्या आत बुडून राहते.

पाऊस तसा पडू लागला आहे काय? तोच अहवाल सांगतो की १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस एकंदरीने सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. मात्र अतिवृष्टीचे दिवस मध्य भारतात वाढले. एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आपल्या स्मरणात आहे. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच पावसाने सावित्रीचे पाणी महाडमध्ये आणि वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली.

आता हाच पाऊस खारेपाटातील शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा. त्याला आषाढातला पाऊस हवाच असतो, कारण त्याच पाण्याने उन्हाळ्यात वर आलेले मीठ धुऊन जाते आणि मगच भात तग धरते. पाऊस लांबला तर मीठ जमिनीत राहते. एकदम कोसळला तर रोप कुजते. आश्विनात दडी मारली तर खालचे मीठ पुन्हा वर चढते. त्याचे सारे गणित पावसाच्या वेळेवर बसलेले आहे, आणि आज नेमकी तीच वेळ ढळली आहे.

नक्षत्रे चुकू लागली

ज्याला आपण हवामानबदल म्हणतो, तो कोकणच्या शेतकऱ्याला पंचांगातून कळतो. मृगात पेरणी, हस्तानंतर उघडीप, दिवाळीपूर्वी भात घरात, मार्गशीर्षाच्या थंडीत आंब्याला मोहोर, असे हे चक्र होते. गेल्या काही वर्षांत या चक्राचे काय झाले ते पाहू.

२०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ उठले. २००७ च्या ‘गोनू’नंतर या समुद्रातले असे ते पहिलेच. ते किनाऱ्यावर आदळले नाही, तरी त्याच्या पावसाने ऐन कापणीच्या दिवसांत कोकणातील भात आडवे केले. कापून ठेवलेल्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. पाठोपाठ आठवड्याभरात ‘महा’ नावाचे दुसरे वादळ आले. त्यापूर्वी २००९ मध्ये ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आले होते.

दुसरे टोक पाहा. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. तिथल्या नोंदींतील हे सर्वांत लवकरचे आगमन. लवकर पाऊस म्हणजे आनंदाची वार्ता, असे शहरात वाटते. कोकणात धूळवाफ्यावर पेरणी करणाऱ्या अनेकांना त्या वर्षी बी टाकायला कोरडी जमीनच मिळाली नाही, आणि झाडावर राहिलेला शेवटचा आंबा पावसाने गेला.

आंब्याचे दुखणे तर मोहोरापासून सुरू होते. पावसाळा संपल्यावर झाडाला कोरडा ताण बसावा लागतो आणि त्यानंतर रात्रीची चांगली थंडी पडावी लागते, तेव्हा हापूस मोहोरतो. नोव्हेंबरपर्यंत पाऊस रेंगाळला तर झाड पालवीत जाते आणि मोहोर पुढे ढकलला जातो. थंडी तुकड्या-तुकड्यांनी पडली तर ज्या फांदीवर वाटाण्याएवढी फळे धरली आहेत त्याच फांदीला पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळे गळतात. ढगाळ हवेत तुडतुडे आणि करपा वाढतो, फवारण्यांचा खर्च चढतो. यातूनही जे फळ वाचते त्याला फाल्गुन-चैत्रातील उन्हाचा चटका बसतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च २०२२ हा तोपर्यंतचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने कमाल तापमानाचा उच्चांक केला. २०२४ हे वर्ष देशातील त्या वेळपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. आपल्या घरी उशिरा येणाऱ्या पेटीमागे हा सगळा इतिहास आहे.

वादळाचा अर्धा दिवस आणि पुढची दहा वर्षे

पूर्वी चक्रीवादळ म्हटले की आपल्याला ओरिसा आणि आंध्र आठवत. अरबी समुद्र त्या मानाने शांत समजला जाई. हा समजही आता सोडावा लागेल. पुण्याच्या त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. पाणी तापले की वादळाला इंधन मिळते, हे त्यामागील मुख्य कारण.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, हरिहरेश्वरच्या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या त्या अर्ध्या दिवसात जमीनदोस्त झाल्या. मी नंतर त्या भागात गेलो. ज्या वाड्यांत भर दुपारी अंधार असे, तिथे डोळे दिपवणारे ऊन पडले होते. एका घरातल्या आजी पडवीत बसून होत्या. त्या मला म्हणाल्या, ‘घराची कौले पुढच्या महिन्यात येतील हो. पण ही पोफळ माझ्या सासऱ्यांनी लावलेली. आता लावली तर ती धरायला मी असेन का?’ नारळाला आणि पोफळीला उत्पन्न सुरू होण्यास सहा-आठ वर्षे लागतात. भाताचे पीक गेले तर एक हंगाम जातो, वाडी गेली तर एका पिढीची मिळकत जाते.

त्या वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नुकसानभरपाईचे निकष हेक्टरी होते. कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात आणि एका हेक्टरमध्ये सुमारे शंभर गुंठे येतात. दहा गुंठ्यांच्या वाडीत नारळ, पोफळ, जायफळ, मिरी अशी चार मजल्यांची शेती उभी असते, परंतु निकषाच्या हिशेबाने तिला हेक्टरी रकमेचा दहावा भाग मिळायचा. ‘झाडागणिक मोजा’ अशी मागणी तेव्हा झाली आणि शासनाला ती विचारात घ्यावी लागली. तात्पर्य, देशावरचा मापदंड कोकणाला लागू पडत नाही. उद्याच्या संकटासाठी नियम आखताना हे आधीच ध्यानात घेतलेले बरे. ‘निसर्ग’नंतर वर्ष भरण्याच्या आतच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले आणि जाता जाता झाडावरचा आंबा पाडून गेले.

अंदाजांची प्रामाणिक बाजू

केवळ भीती घालणे हे माझे काम नाही. म्हणून अंदाजांची दुसरी बाजूही सांगतो. केंद्र सरकारने २०१० मध्ये पश्चिम घाट व किनारपट्टीसह देशातील चार प्रदेशांचा २०३० च्या दशकासाठी अंदाज मांडला होता. त्यात पश्चिम किनाऱ्यावरील बऱ्याच भागात नारळाचे उत्पादन ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे म्हटले होते. मात्र महाराष्ट्राच्या काही भागांसह इतरत्र ते २४ टक्क्यांपर्यंत घटू शकते, असेही त्यात नमूद होते. म्हणजे सारेच काळेकुट्ट नाही. परंतु अशा प्रारूपांत झाडाची वाढ मोजतात, वादळाने उन्मळलेले झाड मोजत नाहीत, हे विसरू नये.

भाताचा अंदाज अधिक गंभीर आहे. कोणतीही उपाययोजना केली नाही, तर देशातील पावसावर अवलंबून असलेल्या भाताचे उत्पादन २०५० च्या सुमारास २० टक्क्यांनी आणि २०८० च्या सुमारास ४७ टक्क्यांनी घटू शकते, असे सरकारनेच सांगितले आहे. ओलिताच्या भाताची घट यापेक्षा पुष्कळच कमी आहे. कोकणचे खरिपाचे भात बहुतांशी पावसावरचे आहे. या अंदाजातले सर्वांत महत्त्वाचे शब्द मात्र ‘कोणतीही उपाययोजना केली नाही, तर’ हेच आहेत. तिथेच आपले काम सुरू होते.

काही जण म्हणतात, निसर्गाचे चक्र पूर्वीही बदलत होते, आपण कशाला घाबरायचे? बदलत होते, हे खरे. परंतु तो बदल शेकडो वर्षांत होई, तेवढ्या काळात वाण बदलत, वस्त्या सरकत. आताचा बदल एका माणसाच्या आयुष्यात होतो आहे. दुसरे काही जण म्हणतात, धूर पश्चिमेने केला, भोगायचे आम्ही का? हा प्रश्न पूर्णतः न्याय्य आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. जागतिक व्यासपीठावर आपल्या देशाने हे ठामपणे मांडलेच पाहिजे आणि मांडलेही आहे. २०२२ च्या हवामान परिषदेत हानी-भरपाईच्या निधीला तत्त्वतः मान्यता मिळाली, ती विकसनशील देशांच्या दीर्घ आग्रहामुळेच. परंतु उधाण हे निवाडा होईपर्यंत थांबत नाही. न्यायाची लढाई लढत असतानाच बांधाचे बीळ बुजवावे लागते.

बांध कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पूर्वी हे बांध कोण राखत असे? जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासात ‘शिलोत्री’ जमिनींची नोंद सापडते. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी ठरलेल्या माणसांवर असे आणि त्याबदल्यात कसणारे त्यांना भाताचा वाटा देत. या व्यवस्थेत अन्याय नव्हता, असे मी म्हणणार नाही. याच खारेपाटात चरी येथे १९३३ पासून अनेक वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला, तो खोतांच्या जुलमाविरुद्धच. परंतु बांध फुटला की कोणी धावायचे, हे त्या काळी गावाला ठाऊक होते. खांड पडली की घरटी एक माणूस फावडे घेऊन निघे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला आणि खारबंदिस्तीचे काम शासनाने अंगावर घेतले. हेतू उत्तम होता. अनेक बांध उभेही राहिले. मात्र हळूहळू ‘आमचा बांध’ हा ‘सरकारी बांध’ झाला. मग अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा आणि निधी हा क्रम आला. खेकड्याचे बीळ मात्र निविदेची वाट पाहत नाही. तिकडे तरुण मुंबईला, सुरतेला, पुण्याला गेले. जमिनीचे तुकडे झाले, सात-बाऱ्यावर वीस-वीस नावे चढली, आणि कसणारा एकही उरला नाही.

त्यात एक नवा पेच आहे. बांध फुटून खारे पाणी शिरले की काही वर्षांत शेतात कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर कांदळवनाला, जमीन खासगी मालकीची असली तरी, कडक संरक्षण आहे. ते योग्यच आहे. कांदळवन लाटांचा जोर मोडते, मासळीला आसरा देते आणि बांधाच्या बाहेर असेल तर बांधाचेच रक्षण करते. परंतु बांधाच्या आत, फुटीनंतर उगवलेल्या झाडांमुळे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात परतणे कठीण होते. बाहेर कांदळ आणि आत भात, ही आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली सीमा होती. ती सीमा आज पुसली गेली आहे आणि ती पुसली जाण्याचे कारण आपली अनास्था आहे. खांड पहिल्या वर्षीच बुजवली, तर हा पेच उद्भवतच नाही.

आपण काय करू शकतो?

या सभागृहातील किती जणांचे घर कोकणात आहे? बरेच हात वर आले. मला हीच अपेक्षा होती. तर माझे मागणे आपल्याकडेच आहे.

पहिले मागणे श्रमाचे. आपण गणपतीला जातो, शिमग्याला जातो. आणखी एक फेरी वैशाखात करा, पावसाच्या तोंडावर. त्या वेळी कोरडी माती मिळते आणि बांधाची, उघाडीची डागडुजी करता येते. पूर्वी घरटी एक माणूस जात असे. आता घरटी दोन दिवस तरी द्यावेत. ज्यांना श्रम शक्य नाही त्यांनी त्या दोन दिवसांच्या मजुरीचा वाटा गावाकडे पाठवावा. तरुण कार्यकर्त्यांनी हे काम उचलले तर एका उन्हाळ्यात एका गावाचा बांध तपासून होईल.

दुसरे मागणे कागदाचे. सामायिक जमिनीवर आपले नाव आहे आणि तिकडे चुलतभाऊ कसतो आहे. त्याला बांधाच्या कामासाठी किंवा योजनेसाठी संमती लागते, तेव्हा तो शहरातल्या वीस दारांत खेटे घालतो. त्याच्या कागदावर वेळेवर सही करा. वाटणी करायची असेल तर करून टाका. पण अडवून ठेवू नका. पडीक राहिलेल्या एका वाट्यातून फुटलेला बांध शेजारच्या शंभर वाट्यांत खारे पाणी आणतो.

तिसरे मागणे बियाण्याचे आणि झाडांचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. गोव्याच्या खाजणांत कोरगुट नावाचे पारंपरिक भात खाऱ्या जमिनीत उभे राहते. असे वाण गावात टिकवणे आणि एकाच पिकावर सारा संसार न टांगणे, ही आजच्या काळातील शहाणी शेती होय. नवी वाडी लावताना वाऱ्याच्या बाजूला आडोशाची झाडे आधी लावावीत.

चौथे मागणे विद्यार्थ्यांकडे. प्रत्येक गावच्या शाळेत एक पर्जन्यमापक आणि एक वही असावी. पाऊस कधी आला, मोहोर कधी फुटला, उधाणाचे पाणी बांधाच्या कोणत्या दगडाला लागले, एवढे लिहून ठेवायचे. उद्या भरपाई मागायची असेल, बांधाची उंची ठरवायची असेल, तर ही वही कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडेल.

आणि शासनाकडेही मागणे आहेच. खारबंदिस्तीची नवी उंची ठरवताना येणाऱ्या काळाचा समुद्र गृहीत धरा. लहान दुरुस्तीचा निधी आणि अधिकार गावाच्या हाती द्या. भरपाई कोकणच्या मापाने मोजा.

शेवटी

त्या वृद्ध गृहस्थांचा निरोप घेताना मी विचारले होते, ‘बाबा, आता या शेताचे काय?’ ते म्हणाले, ‘ते गेले, साहेब. त्याच्या मागचे अजून आहे.’ आणि त्यांनी पाठीमागच्या आतल्या बांधाकडे बोट दाखवले. कमरेत वाकलेला तो माणूस परतताना वाटेत दोनदा थांबला, खाली बसला आणि हाताने चिखल उचलून बांधाच्या बिळात दाबला. मी वही-पेन खिशात ठेवून त्यांना मदत करायला बसलो. माझ्या पत्रकारितेतील कदाचित तेवढेच प्रत्यक्ष उपयोगी काम असेल.

समुद्राची पातळी या सभागृहात बसून आपण उतरवू शकत नाही. त्याचे निर्णय दूरवर होत आहेत आणि त्यांना वेळ लागणार आहे. परंतु मागचे शेत अजून आहे. आतला बांध अजून उभा आहे. येत्या उधाणाच्या वेळी त्या बांधावर कोण उभे राहणार, एवढाच प्रश्न आपल्या हाती उरला आहे. त्याचे उत्तर आपण आपल्या गावी जाऊन द्यावे, अशी विनंती करतो आणि थांबतो.